वर्गातल्या पार्टीत देव कोण आणतं: शाळा की मूल?

डिसेंबर २००३. टेक्ससमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेला प्लॅनो नावाचं गाव आहे. तिथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत सुट्टीआधीची ‘विंटर पार्टी’ होती. मुलांनी एकमेकांना छोट्या भेटी द्यायच्या, असं आधीच ठरलेलं होतं. तिसरीतल्या एका मुलाने मित्रांसाठी कँडी केनच्या आकाराची पेनं आणली. कँडी केन म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, वाकड्या मुठीची साखरेची कांडी. अमेरिकेत नाताळात ती दुकानोदुकानी दिसते. प्रत्येक पेनासोबत एक कार्ड होतं आणि त्यावर या कांडीची गोष्ट छापलेली होती. हिचा आकार मेंढपाळाच्या काठीचा, उलटी धरली की येशूच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर दिसतं, लाल रंग त्याच्या रक्ताचा, पांढरा त्याच्या पावित्र्याचा. या गोष्टीला इतिहासात आधार सापडत नाही, पण ख्रिस्ती घरांमध्ये ती प्रेमाने सांगितली जाते.

शाळेने ती भेट पार्टीत वाटू दिली नाही. वर्षभराने अशाच तक्रारी असलेली आणखी काही कुटुंबं एकत्र आली आणि खटला उभा राहिला. पार्टीत लाल आणि हिरव्या रंगाचे नॅपकिनसुद्धा नाताळची आठवण देतात म्हणून चालणार नाहीत, असं शाळांनी बजावल्याचाही आरोप तक्रारीत होता. प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि ‘कँडी केन खटला’ म्हणून देशभर गाजलं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाने दिलेल्या पेनावरून देशाच्या घटनेपर्यंत वाद जातो, हे आपल्याला आधी अतिरेकी वाटतं. पण या भांडणात एक खरा आणि अवघड प्रश्न आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबाबांसमोर तो दर ऑक्टोबर-डिसेंबरला उभा राहतो, म्हणून तो नीट समजून घेऊ.

अमेरिकेच्या घटनेत १७९१ मध्ये पहिली दुरुस्ती झाली. त्यातल्या धर्माबद्दलच्या दोन गोष्टी अशा: सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही आणि कोणालाही आपला धर्म पाळण्यापासून अडवायचं नाही. त्याच वाक्यात पुढे भाषणस्वातंत्र्यही आहे. कागदावर या तिन्ही गोष्टी सुखाने शेजारी बसतात. सरकारी शाळेच्या वर्गात मात्र त्या एकमेकींच्या अंगावर येतात, कारण शाळा हे सरकारच आहे आणि तिथली मुलं नागरिक आहेत. शाळा बोलली की सरकार बोललं. मूल बोललं की नागरिक बोलला.

शाळेच्या तोंडून धर्म येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ मध्ये ठाम सांगितलं. १९६२ चं प्रकरण न्यूयॉर्कचं होतं. तिथे राज्याच्या शिक्षण मंडळाने २२ शब्दांची एक प्रार्थना तयार केली होती. ती कुठल्याच पंथाची नव्हती आणि ज्याला म्हणायची नसेल त्याला सूट होती. तरीही न्यायालयाने ती थांबवली, कारण प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं काम नाही. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधलं रोजचं बायबल वाचन थांबलं. त्याच निकालात न्यायालयाने असंही लिहिलं की धर्माचा अभ्यास, तटस्थपणे आणि शिक्षणाचा भाग म्हणून, शाळेत जरूर व्हावा. हा भाग पुढे सोयीने विसरला गेला, याचं मला वाईट वाटतं. अनेक मुख्याध्यापकांनी या निकालांतून एवढंच घेतलं की धर्माचं नाव काढलं की संकट येतं.

दुसरी बाजू १९६९ ची. आयोवातल्या डेस मॉइन शहरातली काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत आली. शाळेने त्यांना घरी पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांची बाजू घेतली: शाळेच्या दारात पाऊल टाकलं म्हणून विद्यार्थ्याचे घटनादत्त हक्क बाहेर राहत नाहीत. शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा येत असेल किंवा दुसऱ्या मुलांच्या हक्कांवर गदा येत असेल, तरच त्याला रोखता येतं. त्यानंतर १९८८ मध्ये मिसूरीतल्या एका शाळेच्या वृत्तपत्रावरून आणखी एक नियम आला. जे काम शाळेच्या नावाने, शाळेच्या देखरेखीखाली आणि शिकवण्याचा भाग म्हणून होतं, त्यात काय असावं हे शैक्षणिक कारणासाठी शाळा ठरवू शकते.

आता वर्गातली पार्टी या दोन नियमांपैकी कुठे बसते ते पाहा. ती शाळेच्या वेळात, शाळेच्या खोलीत, शिक्षकांसमोर होते. पण खाऊ पालक आणतात, सजावट पालक करतात, भेटी मुलं देतात आणि तेवढा वेळ कोणी काही शिकवत नसतं. हा शाळेचा तास आहे की मुलांची सुट्टी? याचं एकच उत्तर कोर्टांनाही देता आलेलं नाही.

न्यू जर्सीतल्या एग हार्बर टाउनशिपमधलं प्रकरण प्लॅनोसारखंच आहे, पण निकाल उलटा. तिथे बालवाडीच्या वयाच्या मुलाला वसंतातल्या पार्टीत येशूचं नाव छापलेल्या पेन्सिली वाटायच्या होत्या आणि पुढे नाताळाच्या वेळी गोष्टीसह कँडी केन. शाळेने सांगितलं, वर्गातल्या पार्टीत नको; शाळा भरण्याआधी, व्हरांड्यात किंवा मधल्या सुट्टीत खुशाल वाट. २००३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने शाळेचं म्हणणं मान्य केलं. इतक्या लहान मुलांची पार्टी हाही वाटून घेण्याचं, एकत्र वागण्याचं शिक्षण देणारा तासच असतो आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘हे बाई देतायत की माझा मित्र देतोय’ हा फरक कळेलच असं नाही, असा त्यामागचा विचार.

प्लॅनोच्या प्रकरणात अपील कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी एकत्र बसून २०११ मध्ये निकाल दिला. तो दोन भागांत समजून घ्यावा लागतो. पहिला भाग: प्राथमिक शाळेतल्या मुलालाही भाषणस्वातंत्र्य आहे आणि शिकवण्याशी संबंध नसलेल्या वेळेत, त्याचं म्हणणं धार्मिक आहे एवढ्याच कारणाने त्याला गप्प करणं घटनाबाह्य आहे. दुसरा भाग: तरीही मुख्याध्यापिकांना स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागणार नाही. अधिकाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरायचं तर त्या वेळी कायदा इतका स्पष्ट हवा, की कोणत्याही समंजस माणसाला आपण चुकतोय हे कळावं. इथे तो तसा नव्हता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायाधीशांमध्येच एकवाक्यता नसताना वर्ग सांभाळणाऱ्या मुख्याध्यापिकेने जागच्या जागी बरोबर निर्णय घ्यावा, ही अपेक्षा कठोरच होती.

पहिल्या भागातला मुद्दा मात्र या सगळ्या विषयाचा गाभा आहे. सोसायटीच्या हॉलचं उदाहरण घ्या. सोसायटीने सगळ्यांच्या देखभाल खर्चातून सत्यनारायण घातला आणि प्रत्येकाने यायलाच हवं असं म्हटलं, तर एखादा सभासद योग्यच तक्रार करेल. पण हॉल वाढदिवसाला मिळतो, बारशाला मिळतो, गाण्याच्या कार्यक्रमाला मिळतो आणि फक्त एका कुटुंबाला ‘तुमची पूजा आहे म्हणून नाही’ असं सांगितलं, तर तोही अन्यायच. पहिल्या वेळी सोसायटी स्वतः पूजा करत होती, दुसऱ्या वेळी ती एकाच माणसाचं दार बंद करत होती. अमेरिकेतली कोर्टं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. वर्गात भेटी द्यायला सगळ्यांना परवानगी दिली, तर सांताक्लॉजचं पेन चालतं आणि येशूचं चालत नाही असं म्हणता येत नाही. भेटीच नकोत, असा नियम सगळ्यांना सारखा लावला तर तो शाळेचा अधिकार.

प्लॅनोने २००५ मध्ये साधारण हाच रस्ता धरला. मुलांनी वस्तू आणि पत्रकं कधी वाटायची याचा नवा नियम केला: शाळेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा अर्धा तास, मधली सुट्टी आणि वर्षातल्या तीन ठरलेल्या पार्ट्या. इतर वेळी एका ठरलेल्या टेबलावर ठेवायच्या, ज्याला हवं तो घेईल. काय लिहिलंय ते पाहायचं नाही, वेळ आणि जागा पाहायची. हा नियम अपील कोर्टाने २००९ मध्ये वैध ठरवला. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो आणि बातम्यांमध्ये त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

भेटींपेक्षा सजावट आणि गाणी यांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे बहुतेक वेळा बोलणारी शाळाच असते. १९८९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पिट्सबर्गमधल्या दोन देखाव्यांकडे पाहिलं. कोर्टाच्या इमारतीतल्या मुख्य जिन्यावर येशूजन्माचा देखावा एकटाच मांडलेला होता. तो घटनाबाह्य ठरला. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी ख्रिसमस ट्रीशेजारी ज्यूंच्या हनुक्का सणाचा दीपस्तंभ होता; तो चालला. ख्रिसमस ट्री हे आता स्वतःहून धार्मिक चिन्ह उरलेलं नाही, हे त्यामागचं एक कारण. यातूनच शाळांमध्ये ‘झाड चालेल, गोठा चालणार नाही’ असा ढोबळ हिशोब रुजला. मराठी घरांना तो विचित्र वाटतो आणि श्रद्धाळू ख्रिश्चनांना दुखावतो. त्यांच्या दृष्टीने सणाचं सगळं बाजारी रूप वर्गात येतं आणि ज्याचा सण आहे तोच बाहेर राहतो. ही वेदना खरी आहे. तिला धर्मांधता म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही.

कार्यक्रमांबाबत इंडियानातल्या एल्कहार्टची गोष्ट बोलकी आहे. तिथल्या एका हायस्कूलच्या नाताळ कार्यक्रमात अनेक दशकं विद्यार्थीच मेरी, जोसेफ, मेंढपाळ होऊन रंगमंचावर यायचे आणि बायबलमधला उतारा वाचला जायचा. २०१५ मध्ये खटला झाल्यावर शाळेने बायबल वाचन काढलं, जिवंत पात्रांऐवजी पुतळे ठेवले, देखावा दोनेक मिनिटांवर आणला आणि हनुक्का व क्वान्झा (आफ्रिकी-अमेरिकी समाजाचा डिसेंबरातला सण) या सणांची गाणी घातली. २०१८ मध्ये अपील कोर्टाने हे बदललेलं रूप मान्य केलं. त्याआधी १९८० मध्येच साउथ डकोटातल्या सू फॉल्सच्या प्रकरणात ठरलं होतं की धार्मिक विषयाची गाणी, चित्रं, गोष्टी शाळेत येऊ शकतात, मात्र त्या शिकवण्यासाठी, संयमाने आणि तटस्थपणे यायला हव्यात.

कायदा इतकी जागा देत असताना शाळा का घाबरतात? खटल्याच्या खर्चाला, हे सरळ उत्तर आहे. त्या भीतीतून जे होतं त्याचं उदाहरण नेब्रास्कात २०१८ मध्ये दिसलं. ओमाहातल्या एल्कहॉर्न भागातल्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिकेने शिक्षकांना यादी दिली. सांता नको, झाड नको, रेनडिअर नको, लाल-हिरव्या वस्तू नकोत आणि कँडी केन तर नकोच, कारण तिचा आकार येशूच्या अक्षराचा. हिममानव, पेंग्विन, गरम चॉकलेट चालेल. कुठल्याही कोर्टाने असं काही सांगितलेलं नव्हतं. गदारोळ झाला, ही यादी आमच्या धोरणाप्रमाणे नाही असं तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने जाहीर केलं आणि मुख्याध्यापिकेला रजेवर पाठवलं. सगळ्यांना सामावून घेण्याच्या इच्छेतून निघालेल्या कागदाने सगळेच दुखावले गेले.

या भीतीला उत्तर म्हणून टेक्ससने २०१३ मध्ये कायदा केला. तिथे ‘मेरी ख्रिसमस’ म्हणून तो ओळखला जातो. शिक्षक आणि मुलं ‘मेरी ख्रिसमस’, ‘हॅपी हनुक्का’, ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणू शकतात आणि शाळा देखावे मांडू शकते. अट अशी, की देखाव्यात एकाहून जास्त धर्मांची चिन्हं हवीत किंवा एका धर्माच्या चिन्हासोबत एखादं धर्माशी संबंध नसलेलं चिन्ह हवं. २०१६ मध्ये टेक्ससमधल्याच किलीन गावी एका शाळा कर्मचारी बाईंनी दारावर येशूजन्माच्या ओळी असलेलं पोस्टर लावलं होतं, ते उतरवायला सांगितलं गेलं. न्यायाधीशांनी ते परत लावू दिलं. फक्त हा त्या बाईंचा स्वतःचा नाताळ संदेश आहे, अशी ओळ जोडायला सांगितली. बोलणारं कोण आहे हे स्पष्ट करा, म्हणजे पाहणारं मूल ते शाळेचं मत समजणार नाही.

अलीकडे तोल थोडा सरकला आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर केलेली प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याचा वैयक्तिक हक्क मानली आणि सरकारच्या कृतीचा हेतू आणि परिणाम धार्मिक आहे का हे पाहणारी १९७१ पासूनची जुनी कसोटी बाजूला ठेवून ‘इतिहास आणि परंपरा’ पाहायला सांगितलं. लुइझियानाने २०२४ मध्ये आणि टेक्ससने २०२५ मध्ये वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावण्याचे कायदे केले आणि त्यांवर लगेच खटले झाले. मला या दिशेची काळजी वाटते. मुलाने मित्राला दिलेल्या कार्डाचं मी मनापासून समर्थन करते, पण भिंतीवर सरकारने टांगलेला मजकूर ही वेगळी गोष्ट आहे. ते कार्ड मूल खिशात टाकू शकतं, नको म्हणू शकतं. भिंतीकडे मात्र त्याला रोज पाहावं लागतं.

आपल्या लोकांचा यात कुठे संबंध येतो? दोन्ही बाजूंनी येतो. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या पाच हायस्कुलांमध्ये भावातीत ध्यानाचा वर्ग सुरू झाला होता. मंत्र मिळण्यासाठी मुलांनी फळं, फुलं घेऊन एका छोट्या समारंभाला जायचं, तिथे गुरूंच्या तसबिरीपुढे संस्कृत स्तवन म्हटलं जायचं. पालक कोर्टात गेले आणि १९७९ मध्ये अपील कोर्टाने तो वर्ग धार्मिक ठरवून बंद करण्याचा निर्णय कायम ठेवला. बायबल वाचनाला लागणारा नियम संस्कृत स्तवनालाही लागला. हे मला न्याय्य वाटतं. जो नियम आपल्या मुलाला सक्तीच्या प्रार्थनेपासून वाचवतो, तो आपल्या पूजेलाही लागणारच.

उलट बाजूने, नियम नीट पाळला तर दिवाळीला वर्गात भरपूर जागा आहे. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळू लागली. त्यासाठीच्या राज्याच्या कायद्यावर आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सही झाली होती. सुट्टी देणं म्हणजे सण साजरा करणं नव्हे. मोठ्या संख्येने मुलं-शिक्षक गैरहजर राहणार असतील तर शाळा बंद ठेवण्याला पुरेसं व्यावहारिक कारण आहे.

आपल्याकडचा आधारही ठाऊक असावा. भारतीय घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेत कोणावर प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. तरी सरस्वतीपूजन, गणपती, नाताळ यांचं आपल्या शाळांमधलं स्थान फारसं कोर्टात तपासलं गेलेलं नाही. आपण ते शेजारधर्मावर सोडलेलं आहे. ज्या वर्गात एखाद-दुसरंच मूल वेगळ्या घरातलं असतं, तिथे त्या मुलाला काय वाटतं हे विचारायची सवय आपल्याला अजून लागायची आहे.

अमेरिकेत मूल शाळेत असेल तर काही गोष्टी उपयोगी पडतात. दिवाळीत वर्गात बोलायला जायचं असेल तर शिक्षकांना आधी विचारा आणि ‘आमच्या घरी आम्ही असं करतो’ या रीतीने सांगा. पणती दाखवा, रांगोळी काढून घ्या, फराळ न्यायचा तर नट ॲलर्जीचे नियम बघा. मुलांना हात जोडायला किंवा आरती म्हणायला लावू नका. तिथे माहिती संपून पूजा सुरू होते. तुमच्या मुलाला मित्रांना दिवाळीचं कार्ड किंवा लक्ष्मीचं चित्र द्यायचं असेल, तर शाळेचा वाटपाचा नियम मागा. इतर मुलं कार्डं देत असतील तर त्यालाही देता येतं. त्याच्या दप्तरात येशूचं कार्ड आलं तर तो मित्राचा शब्द आहे, शाळेचा नाही. तक्रार करण्याआधी मुलाशी बोला. शिक्षकांनीच प्रार्थना घेतली किंवा गुण देण्यासाठी धार्मिक गाणं गायला लावलं, तर मात्र मुख्याध्यापकांना लेखी विचारा. मुलाला एखाद्या कार्यक्रमातून बाहेर ठेवायचं असेल तर त्या वेळात ते कुठे बसेल आणि काय करेल, हे आधी ठरवून घ्या. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलं कुठलाच सण किंवा वाढदिवस साजरा करत नाहीत आणि अशा पार्ट्यांच्या वेळी बाजूला बसतात. झेंड्याला वंदन करण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, हा १९४३ चा अमेरिकी निकाल याच पंथाच्या मुलांमुळे मिळाला आणि केरळमधल्या अशाच तीन भावंडांना राष्ट्रगीताबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये संरक्षण दिलं. वर्गात असं मूल असेल तर पार्टीची आखणी करणाऱ्या पालकांच्या गटात तुम्हीच सुचवा, की त्या दिवशी सगळ्यांना करता येईल असा एक तरी खेळ ठेवू या.